श्रीनगर–लेह महामार्ग: सर्वांत कमी उंचीची झोजिला सर्वांत जास्त काळ बंद का राहते?

प्रश्न (नाशिकचा एक प्रवासी)

नमस्कार. गेल्या जूनमध्ये मी आणि माझे वडील श्रीनगरहून लेहपर्यंत रस्त्याने गेलो. सोनमर्गच्या पुढे बालतालपाशी आमची गाडी तीन तास थांबवून ठेवली होती, कारण समोरून लष्कराच्या गाड्यांचा आणि मालमोटारींचा ताफा उतरत होता आणि झोजिलाच्या घाटात एका वेळी एकाच बाजूची वाहतूक सोडतात. आम्हांला सोडले तेव्हा दुपार उलटून गेली होती. रस्त्यावरून वितळलेल्या बर्फाचे पाणी वाहत होते, एका हाताला गाडीच्या टपापेक्षाही उंच, काळपट पडलेली बर्फाची भिंत होती आणि दुसऱ्या हाताला कठडा नसलेली दरी, जिच्या तळाशी अमरनाथ यात्रेसाठी उभारलेले तंबू टिकलीएवढे दिसत होते. वडील एरवी प्रवासात सतत काहीतरी विचारत असतात. तो पूर्ण चढ त्यांनी एक शब्दही न काढता पार केला.

दुसऱ्या दिवशी कारगिल सोडल्यावर आम्ही नामिका ला आणि फोतू ला या दोन खिंडी ओलांडल्या. फोतू लाच्या माथ्यावरच्या फलकावर १३,४७९ फूट असा आकडा असून श्रीनगर–लेह रस्त्यावरचे हे सर्वांत उंच ठिकाण असल्याचे लिहिलेले आहे. तिथे बर्फाचा कणही नव्हता. डांबरी रस्ता कोरडा ठणठणीत होता आणि चढ इतका सौम्य होता की खिंड आली हे फलक वाचूनच कळले. झोजिलाची उंची मात्र साडेअकरा हजार फुटांच्या आसपास आहे, म्हणजे ती फोतू लाहून जवळजवळ दोन हजार फुटांनी ठेंगणी आहे. असे असूनही हिवाळ्यात रस्ता बंद पडतो तो झोजिलामुळेच, असे आमच्या कारगिलच्या चालकाने सांगितले. हे उलटे का, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न वडिलांचा आहे. १९४८ मध्ये या खिंडीतून रणगाडे नेले होते, असे त्यांनी लहानपणी ऐकले होते. तो घाट डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांचा त्यावर विश्वास बसेना. ही हकिगत खरी असेल, तर त्या वेळी तिथे रस्ता कशा प्रकारचा होता? आणि नियंत्रण रेषेच्या इतक्या जवळून जाणारा हा एकच मार्ग लडाखसाठी का निवडला गेला? जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती.

उत्तर १ (भूगोलाच्या शिक्षिका, सातारा)

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी वर्गात महाबळेश्वर आणि माण तालुका यांच्या उदाहरणाने देते, कारण आमच्या जिल्ह्यातली मुले ते दररोज पाहतात. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला दहिवडीकडे जेमतेम पाचशे मिलिमीटर. ढग आपले पाणी डोंगराच्या ज्या अंगावर ओततात, त्याच्या पलीकडच्या अंगाला फारसे काही उरत नाही. हिमालयात हेच घडते, फक्त पावसाच्या जागी बर्फ असतो आणि ऋतू हिवाळ्याचा असतो. डिसेंबर ते मार्च या काळात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे ढग आणि वादळे आणणाऱ्या हवामान प्रणाली, काश्मीर खोऱ्यावर बर्फ घेऊन येतात आणि मुख्य हिमालयाच्या रांगेला धडकून तिच्या काश्मीरकडच्या उतारांवर तो भरभरून टाकतात. झोजिला नेमकी याच मुख्य रांगेत आहे. नामिका ला (सुमारे ३,७०० मीटर) आणि फोतू ला (४,१०८ मीटर) या दोन्ही झंस्कार रांगेत, म्हणजे त्या भिंतीच्या आडोशाला आहेत. लेहला वर्षभरात सगळा मिळून शंभर मिलिमीटरच्या आसपासच पाऊस-बर्फ पडतो. म्हणूनच तुम्हांला फोतू लावर कोरडे डांबर दिसले. खिंड बंद राहण्याचा काळ तिच्या उंचीवरून ठरत नाही. ती कोणत्या रांगेत आणि वाऱ्याच्या कोणत्या अंगाला आहे, त्यावरून ठरतो.

यात आणखी एक बारकावा आहे. झोजिला ही मुख्य हिमालयातल्या सर्वांत कमी उंचीच्या खाचांपैकी एक आहे, आणि ती ठेंगणी असल्यामुळेच ढगांनाही पलीकडे शिरायला तीच वाट सापडते. त्यामुळे खिंडीच्या पलीकडे असूनही द्रासला कारगिलपेक्षा पुष्कळ जास्त बर्फ पडतो. माणसांना, घोड्यांना आणि वाऱ्याला हजारो वर्षे एकच दार उपयोगी पडत आले आहे.

खिंडीचा आकारही लक्षात घ्या. लडाखकडून येणाऱ्याला झोजिला ही खिंड वाटतच नाही. मीनामर्ग आणि गुमरीवरून दरी हळूहळू वर येत जाते आणि माणूस नकळत माथ्यावर पोहोचतो. काश्मीरकडून मात्र बालतालपासून थेट सुमारे आठशे मीटरची उभी भिंत चढावी लागते. सर्वांत जास्त बर्फ ज्या अंगावर पडतो तेच अंग सर्वांत उभे असल्याने, साठलेला बर्फ तिथे टिकत नाही, तो खाली घसरतो. तुम्ही पाहिलेली भिंत निव्वळ आकाशातून पडलेल्या बर्फाची नसून वरच्या उतारांवरून कोसळून रस्त्यावर साचलेल्या, दगडमातीने भरलेल्या बर्फाची असणार. तिच्या काळपट रंगाचे कारण तेच आहे.

(‘ला’ या शब्दाचाच अर्थ खिंड असा आहे, त्यामुळे ‘झोजिला खिंड’ म्हणणे म्हणजे एकच शब्द दोनदा उच्चारणे होय. तरीही आपल्याकडे तसे म्हणण्याचा प्रघात पडला आहे आणि मी मुलांना त्याबद्दल गुण कापत नाही.)

उत्तर २ (इतिहासाचा वाचक, पुणे)

रणगाड्यांची हकिगत पूर्णपणे खरी आहे. वडिलांना ती सांगताना मात्र आधीच्या वाटेपासून सुरुवात करावी, म्हणजे १९४८ मध्ये काय साधले गेले याचा अंदाज येतो.

झोजिलातून ये-जा फार जुनी आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी रिंचन नावाचा लडाखी राजपुत्र याच बाजूने काश्मिरात आला, १३२० च्या सुमारास तिथला राजा झाला आणि इस्लाम स्वीकारून सद्रुद्दीन या नावाने ओळखला जाऊ लागला. १५३३ च्या सुमारास मिर्झा हैदर दुघलत लडाखमधून फौज घेऊन झोजिलातूनच काश्मीरवर उतरला. परंतु या वाटेचे खरे महत्त्व लोकरीत होते. लडाख आणि तिबेट यांच्यातल्या १६८४ च्या तिंगमोसगांगच्या तहाने चांगथांगच्या पठारावरची पश्मीना लोकर काश्मीरच्या व्यापाऱ्यांनाच विकण्याचे बंधन आले. म्हणजे श्रीनगरच्या शालींच्या मागांना लागणारा कच्चा माल याच खिंडीतून घोड्यांच्या आणि माणसांच्या पाठीवरून येत असे. एकोणिसाव्या शतकात लडाख डोग्रा राज्यात सामील झाल्यावर, १८७० मध्ये इंग्रज सरकार आणि महाराजा रणबीर सिंग यांच्यात व्यापारी करार झाला आणि मध्य आशियातल्या यारकंदशी चालणाऱ्या व्यापारावर देखरेख ठेवण्यासाठी लेहमध्ये दोन्ही बाजूंचे संयुक्त आयुक्त बसू लागले. श्रीनगर ते लेह हे अंतर त्या काळी पंधरा-सोळा पडावांचे मानले जाई. प्रत्येक पडावावर गावकऱ्यांना पाळीपाळीने घोडे आणि हमाल पुरवावे लागत. या सक्तीला लडाखी लोक ‘रेस’ म्हणत. ही व्यवस्था रस्त्यापेक्षा गावकऱ्यांच्या पाठीवर उभी होती आणि तिचा उल्लेख गाळून या मार्गाचा इतिहास सांगणे मला योग्य वाटत नाही.

आता १९४८, म्हणजे काश्मीरवरून पाकिस्तानशी झालेले पहिले युद्ध. त्या वर्षाच्या आरंभी लेहमध्ये संरक्षणासाठी फौज जवळजवळ नव्हतीच. लाहौलचे पृथी चंद हे अधिकारी सुमारे चाळीस स्वयंसेवक जवानांना घेऊन फेब्रुवारीत निघाले आणि भर हिवाळ्यात, कोणीही जात नाही अशा वेळी झोजिला ओलांडून मार्चमध्ये लेहला पोहोचले. त्यांच्यामुळे तिथे स्थानिक तरुणांना शिकवून तयार करता आले. पुढे मे महिन्यापासून कारगिल, द्रास आणि झोजिला हे तिन्ही एकामागून एक शत्रूच्या ताब्यात गेले आणि लेहकडे जाणारी जमिनीवरची वाट तुटली. लेहमध्ये सोनम नोरबू या लडाखी अभियंत्याने सिंधूकाठच्या वाळवंटात गावकऱ्यांच्या मदतीने धावपट्टी तयार करवली आणि २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्यांना सोबत घेऊन तिथे डाकोटा विमान उतरवले. लेह वाचले ते या धावपट्टीमुळे. परंतु विमानातून मूठभर माणसे आणि धान्य नेता येते, अख्खा प्रांत त्यावर पोसता येत नाही, आणि हिवाळा तोंडावर आला होता.

सप्टेंबरमध्ये झोजिलावर पायदळाने केलेले हल्ले यशस्वी झाले नाहीत. खिंडीच्या दोन्ही अंगांच्या कड्यांत शत्रूच्या मशीनगन इतक्या पक्क्या बसल्या होत्या की समोरून जाणाऱ्याला आडोसाच मिळत नसे. तेव्हा थिमय्यांनी सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे वर नेण्याचे ठरवले. लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग, ज्यांना सैन्यात ‘स्पॅरो’ म्हणत, त्यांच्या हाताखाली हे रणगाडे जम्मूहून निघाले. वाटेतले पूल त्यांचे वजन पेलणार नाहीत म्हणून, आणि त्यांचा आकार ओळखू येऊ नये म्हणूनही, त्यांचे मनोरे (तोफ बसवलेले वरचे फिरते भाग) काढून वेगळे नेले गेले. श्रीनगरमधून त्यांना संचारबंदी लावून पुढे काढले. बालतालच्या पुढे होती ती खेचरांची पायवाट. मद्रास सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या तुकड्यांनी शत्रूच्या माऱ्याखाली, बर्फ पडायला लागलेला असताना ती रुंद करून रणगाड्यांजोगी केली. १ नोव्हेंबर १९४८ रोजी, बर्फवृष्टी चालू असताना, रणगाडे खिंडीतून गुमरीच्या सपाटीवर आले आणि थिमय्या स्वतः पुढच्या रणगाड्यात होते. इतक्या उंचीवर रणगाडे येतील, अशी कल्पनाच शत्रूने केलेली नव्हती. संध्याकाळपर्यंत झोजिला मोकळी झाली, महिन्याच्या मध्याला द्रास परत मिळाले आणि २४ नोव्हेंबरच्या सुमारास कारगिल. लेहचा जमिनीवरचा संबंध पुन्हा जुळला.

तुमच्या वडिलांना एक गोष्ट मुद्दाम सांगा. रणगाड्यांना वाट करून दिली ती कुदळ-फावडी आणि सुरुंग घेऊन काम करणाऱ्या सॅपर्सनी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, तिथून पुष्कळ दक्षिणेला, नौशेरा–राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे तीन दिवस सलग माऱ्याखाली काढून रणगाड्यांना पुढे नेणारे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे हे आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे, कारवारकडचे. त्यांना परमवीर चक्र मिळाले आणि निवृत्तीनंतर ते पुण्यातच राहिले. काश्मीरच्या त्या युद्धात रस्ता करणारा हा लढणाऱ्याच्याही एक पाऊल पुढे होता, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

उत्तर ३ (ग्रेफमधून निवृत्त, दिघी)

वरची दोन्ही उत्तरे वाचून आनंद झाला. मी सीमा सडक संघटनेच्या, म्हणजे आम्ही ज्याला ग्रेफ म्हणतो त्या दलाच्या नोकरीत होतो. या दलाचे प्रशिक्षण केंद्र पुण्याजवळ दिघीलाच आहे, त्यामुळे निवृत्तीनंतर मी इथेच स्थायिक झालो. सेवेतले दोन कार्यकाळ मी द्रासच्या बाजूला काढले. म्हणून रस्ता कसा झाला आणि तो कसा राखला जातो, यावर लिहितो.

१९४८ नंतर झोजिलातून वाट मोकळी झाली, पण मोटारीने लेहपर्यंत जाता येईल असा रस्ता पुढे कित्येक वर्षे झाला नाही. घाई झाली ती चीनमुळे. शिनच्यांग आणि तिबेट यांना जोडणारा रस्ता चीनने अक्साई चीनमधून नेला आणि १९५७ मध्ये तो पूर्ण झाल्याचे जाहीर केले. १९५९ च्या ऑक्टोबरात कोंगका लापाशी आपल्या गस्ती तुकडीवर हल्ला झाला. आपल्याला त्या भागात पोहोचायला अनेक दिवस पायी चालावे लागे आणि समोरचे ट्रकने येत असत. या पार्श्वभूमीवर १९६० च्या मार्चमध्ये पंतप्रधान नेहरूंच्या अध्यक्षतेखाली सीमा सडक विकास मंडळ स्थापन झाले आणि ७ मे १९६० पासून सीमा सडक संघटना कामाला लागली. तिचे पहिले दोन प्रकल्प म्हणजे ईशान्येकडचा टस्कर आणि काश्मीर-लडाखसाठीचा बीकन. बीकनने रस्ता आधी कारगिलपर्यंत आणि १९६२ पर्यंत लेहपर्यंत नेला. तो त्या वेळी अरुंद, कच्चा आणि उन्हाळ्यापुरताच होता. त्याची मर्यादा त्याच वर्षी दिसली: ऑक्टोबर १९६२ मध्ये पूर्व लडाखमधल्या चुशूलच्या रक्षणासाठी रणगाडे हवे होते तेव्हा ते एएन-१२ विमानांतून न्यावे लागले. पुढे लडाखच्या कामासाठी १९८५ मध्ये हिमांक आणि २०१० मध्ये विजयक हे वेगळे प्रकल्प उभे राहिले. आता झोजिलाच्या अलीकडची बाजू बीकन सांभाळते आणि पलीकडची विजयक.

रस्ता १९६२ मध्ये ‘पूर्ण झाला’ असे पुस्तकांत लिहिलेले असते. आम्हांला तो दरवर्षी नव्याने शोधावा लागे, हे मी अक्षरशः सांगतो आहे. हिवाळ्याच्या अखेरीस झोजिलावर रस्ता कुठे आहे हेच दिसत नाही. डोंगराचा उतार वरून खालपर्यंत एकसारखा पांढरा असतो. मग जुन्या खुणा, कड्यांची ओळख आणि मोजणी यांवरून मध्यरेषा ठरवतात आणि पहिला डोझर आत घालतात. त्या डोझरचा चालक हा आमच्यात सर्वांत मानाचा माणूस, कारण त्याच्या पट्ट्यांखाली रस्ता आहे की दरीवर लोंबणारा बर्फ आहे, हे त्याला हाताला जाणवणाऱ्या धक्क्यावरून ओळखावे लागते. मी ज्यांच्यासोबत काम केले ते चालक दरवाजा काढून ठेवून काम करत, म्हणजे वेळ आली तर उडी टाकता यावी. डोझरने पहिली फळी कापली की मागून स्नो कटर येतो आणि बर्फ दरीच्या बाजूला फवाऱ्यासारखा उडवून देतो. काही ठिकाणी या भिंती तीस-चाळीस फुटांच्या होतात.

काम पहाटे, अंधार असतानाच सुरू करायचे आणि दुपारी ऊन तापायच्या आत थांबवायचे, हा नियम आहे. रात्रीच्या गारठ्याने बर्फ कडक झालेला असतो तोवर उतार शांत राहतात. ऊन चढले की वरून आधी लहान गोळे घरंगळू लागतात, आणि तो इशारा ओळखून यंत्रे मागे घ्यावी लागतात. यंत्रांनाही विरळ हवा बाधते. साध्या डिझेल इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी कमी होते, म्हणजे झोजिलावर एक तृतीयांश ताकद गेलेलीच असते. द्रासला थंडीत डिझेल गोठून मेणासारखे होत असे. सकाळी टाकीखाली स्टोव्ह पेटवून ते पातळ करायचे, मग इंजिन सुरू करायचे, अशी आमची दिवसाची सुरुवात होई. २०१९ पासून लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे खास डिझेल मिळू लागले, ही तिथल्या माणसासाठी फार मोठी गोष्ट आहे.

दोन्ही बाजूंची पथके जेव्हा बर्फ कापत मध्ये एकमेकांना भेटतात तेव्हा मिठ्या मारतात, मिठाई वाटतात. पूर्वी हा दिवस एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात यायचा. आता यंत्रे चांगली झाली आणि हिवाळ्यातही शक्य तितके दिवस काम चालू ठेवण्याचे ठरले. २०२२ मध्ये खिंड ७३ दिवस बंद राहिली, २०२३ मध्ये ६८ दिवस आणि २०२४ मध्ये जेमतेम ३५ दिवस. पाच-सहा महिन्यांचे हे पस्तीस दिवस कसे झाले, हे लोकांना ठाऊक नसते.

यात झारखंडमधल्या दुमका आणि आसपासच्या भागातून, तसेच नेपाळमधून येणाऱ्या मजुरांचा वाटा सर्वांत मोठा आहे. मैदानी प्रदेशातला माणूस, ज्याने आयुष्यात बर्फ पाहिलेला नसतो, तो अकरा-बारा हजार फुटांवर दगड फोडतो, नाल्या उपसतो आणि संरक्षक भिंती रचतो. तुम्ही गाडीतून गेलात तेव्हा रस्त्याच्या कडेला फडक्याने तोंड बांधून उभी असलेली माणसे पाहिली असतील. रस्ता त्यांचा आहे, असे मी माझ्या नोकरीत कायम मानत आलो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही उत्तरे मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवली आणि रणगाड्यांचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. माझा शेवटचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. द्रासला कारगिल युद्धाच्या स्मारकापाशी उभे राहिल्यावर तोलोलिंगचा डोंगर इतका जवळ दिसतो की १९९९ च्या त्या युद्धात शत्रू तिथे बसलेला असताना या रस्त्यावरून गाड्या कशा चालल्या असतील, याची कल्पनाच करवत नाही. दुसरा, सुरक्षित मार्ग का काढला गेला नाही?

उत्तर ४ (संरक्षण विषयाचा अभ्यासक, नागपूर)

मार्ग नकाशावर रेघ ओढून निवडलेला नाही. तो नद्यांनी निवडला आहे. झोजिला ओलांडल्यावर सपाटीने पुढे जायचे तर द्रास नदीच्या काठानेच जावे लागते आणि ती नदी ईशान्येकडे, कारगिलच्या दिशेने वाहते. १९४८ च्या युद्धानंतर युद्धबंदी रेषा याच नदीच्या वरच्या डोंगरांवरून गेली आणि शेकडो वर्षांचा व्यापारी मार्ग एका रात्रीत सरहद्दीचा रस्ता झाला. कारगिलसमोरची शिखरे आपण १९६५ मध्ये दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा परत केली. १९७१ मध्ये ती पुन्हा जिंकली आणि त्यानंतर ती आपल्याकडेच राहिली, ती मुख्यतः या रस्त्याच्या सुरक्षिततेसाठीच.

१९९९ मध्ये शत्रूने मुश्कोह, द्रास, काकसर आणि बटालिक या भागांतल्या, हिवाळ्यात रिकाम्या ठेवलेल्या ठाण्यांवर घुसखोरी केली, त्यामागचा हिशेब साधा होता. तेव्हा हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग १-अ होता, आता तो क्रमांक १ आहे. १९८४ पासून सियाचीनवर असलेल्या आपल्या फौजेचे धान्य, रॉकेल आणि दारूगोळा यांतला मोठा भाग उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांत याच रस्त्याने लेहला जाऊन पुढे खर्दुंग लामार्गे नुब्राकडे जात असे. हिवाळ्याची साठवण या काळात झाली नाही, तर पुढचे सहा महिने भागवायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो. तोलोलिंगवर बसलेला तोफखान्याचा निरीक्षक द्रासजवळची प्रत्येक गाडी मोजू शकत होता आणि बिनतारी यंत्रावरून तोफांना नेम सांगू शकत होता. त्यामुळे ताफे रात्री, दिवे बंद करून, पुढच्या गाडीच्या सावलीवर नजर ठेवून चालवले जात. १३ जूनला सेकंड राजपुताना रायफल्सने तोलोलिंग जिंकले आणि ४ जुलैला १८ ग्रेनेडियर्सने टायगर हिल, तेव्हा रस्त्याचा श्वास मोकळा झाला. स्मारक तोलोलिंगच्या पायथ्याशी आणि अगदी रस्त्याला लागून आहे, यामागचे औचित्य त्या क्रमावरून कळते.

दुसरा मार्ग होता आणि आहे: मनालीहून लेहचा, १९८९ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुला झालेला. तो नियंत्रण रेषेपासून दूर आहे, पण त्यावर बारालाचा ला, लाचुलुंग ला आणि तांगलांग ला यांच्यासारख्या सोळा-सतरा हजार फुटांच्या खिंडी एकापाठोपाठ एक आहेत आणि त्या काळी तो जून उजाडल्याशिवाय खुला होत नसे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्याने मनालीजवळच्या रोहतांग खिंडीचा अडथळा दूर केला, पण पुढच्या खिंडी तशाच राहिल्या. म्हणून निम्मू–पदुम–दारचा हा तिसरा रस्ता आता जोडला गेला आहे आणि त्यावरच्या शिंकू लाखालून ४.१ किलोमीटरच्या बोगद्याचा पहिला सुरुंग २६ जुलै २०२४ रोजी, कारगिल विजयाला पंचवीस वर्षे झाली त्या दिवशी उडवला गेला. झोजिलाखालचा १३.१४ किलोमीटरचा बोगदा बालतालहून थेट मीनामर्गला निघेल. २०१८ मध्ये त्याची पायाभरणी झाली, पहिला ठेका रद्द होऊन पुन्हा निविदा निघाल्या आणि आमच्या नागपूरच्या नितीन गडकरींच्या हस्ते १५ ऑक्टोबर २०२० रोजी पहिला सुरुंग उडाला. अलीकडचा साडेसहा किलोमीटरचा सोनमर्ग बोगदा जानेवारी २०२५ मध्ये खुला झालेला आहे. झोजिलाचा बोगदा झाला की बर्फाचा हा प्रश्न कायमचा सुटेल, असे मला वाटते.

उत्तर ३ चे लेखक पुन्हा (दिघी)

शेवटच्या वाक्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे. बोगद्यामुळे झोजिलाचा चढ टळेल आणि तीन तासांची वाट वीस मिनिटांवर येईल, ही मोठीच गोष्ट आहे आणि ती माझ्या हयातीत पाहायला मिळावी, अशी माझी इच्छा आहे. परंतु बोगद्याचे तोंड मीनामर्गला आहे आणि तिथून मटायन, पांद्रास मार्गे द्रासपर्यंतच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंच्या उतारांवरून हिमस्खलने येतात. बालतालच्या अलीकडेही हिमस्खलनाचे मार्ग आहेत, म्हणूनच त्या भागात निलग्रारचे बोगदे, हिमछत्र्या (कोसळणारा बर्फ रस्त्यावरून पलीकडे जाऊ देणारी छपरे) आणि बर्फ अडवणारे बांध आराखड्यात आहेत. डोझर आणि त्याचा चालक यांची गरज बोगद्यानंतरही पहाटे चार वाजता पडणारच आहे.

नाशिककरांना एक व्यवहाराची सूचना. पुन्हा गेलात तर सोनमर्गला मुक्काम करा आणि ज्या दिवशी तुमच्या बाजूची वाहतूक पहाटे सोडणार असतील, त्या दिवशी सर्वांत पहिल्या गाड्यांत राहा. त्या वेळी पाणी गोठलेले असते, दगड पडत नाहीत आणि माथ्यावरून उजाडताना गुमरीची सपाटी स्पष्ट दिसते. तिथल्या १९४८ च्या लढाईच्या स्मारकापाशी गाडी पाच मिनिटे थांबवा आणि वडिलांना मागे, आलेल्या वाटेकडे तोंड करून उभे करा. १ नोव्हेंबर १९४८ ला रणगाडे ज्या तोंडातून बाहेर आले, ते तोंड तिथून नेमके समोर असते.